सहा रात्रींची दुबई आणि दोन वर्षांची भाकर

सदाशिव पेठेत पेरूगेटच्या मागे एका जुन्या वाड्यात दहा बाय बाराची एक खोली आहे. तिच्यात चार कॉट, भिंतीला चार खुंट्या आणि खिडकीत एक इस्त्री. त्यातल्या एका कॉटवर परभणी जिल्ह्यातला आमच्या समाजाचा एक मुलगा राहतो. सकाळी एका खासगी संस्थेत एमबीएचे तास आणि संध्याकाळी जवळच्याच अभ्यासिकेत रजिस्टर सांभाळायचे काम. खोली मिळवताना आधी आडनाव विचारले गेले, मग "नॉनव्हेज चालणार नाही" असे सांगण्यात आले आणि मग डिपॉझिट वाढले. पेठेत खोली शोधलेल्या आपल्या प्रत्येक पोराला हा क्रम पाठ असतो. त्यावर आज लिहायचे नाही.

गेल्या वर्षी हा मुलगा एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आमच्याकडे आला. 'आंतरराष्ट्रीय व्यवसाय अभ्यास दौरा, दुबई, सहा रात्री सात दिवस.' खर्च माणशी १,३८,००० रुपये, पासपोर्टचे वेगळे. दौऱ्याला दोन क्रेडिट. कागदावर 'ऐच्छिक' असे छापले होते. वर्गात मात्र सर म्हणाले होते, "ज्यांना करिअर करायचंय ते येतील."

तो म्हणाला, "दादा, बाप म्हैस विकायला तयार झालाय. मीच नको म्हणालो. बरोबर केलं ना?"

आम्ही लगेच काही बोललो नाही. कागद ठेवून घेतला आणि रात्री नीट वाचला. वाचकहो, तुम्हीही वाचा. सात दिवसांत कंपनी भेटी चार. जेबेल अलीच्या मुक्त व्यापार क्षेत्रातले एक गोदाम, एक बँक, एक हॉटेल व्यवसाय आणि एक कुरिअर कंपनी. प्रत्येकी दोन तास, म्हणजे एकूण आठ तास. बाकीचे काय? वाळवंटातली सफारी आणि तिथला नाच, खाडीतल्या बोटीवरचे जेवण, बुर्ज खलिफा, मॉल, दोन 'मोकळ्या संध्याकाळी' आणि शेवटच्या रात्री क्लब. त्या रात्रीपुढे कंसात लिहिले होते : नेटवर्किंग.

आमच्या चळवळीतल्या एका ज्येष्ठांना आम्ही हा कागद दाखवला. ते म्हणाले, "बरं झालं पोरगं गेलं नाही. दारू आणि नाचगाण्याला शिक्षण म्हणतात का? आपण पंचशील मानणारी माणसं." त्यांचा राग आम्हाला समजतो. पण या मुद्द्यावर आमचा त्यांच्याशी स्पष्ट मतभेद आहे आणि हा लेख त्या मतभेदातूनच लिहिला आहे.

पंचशील आपण आपल्या मनाने घेतो. पाचवे शील पाळायचे की नाही हे आपण ठरवू. संस्थेने पैशाची भिंत उभी करून आपल्याला बाहेर ठेवायचे आणि आपण त्या भिंतीलाच शील समजून नमस्कार करायचा, हे आम्हाला मान्य नाही. बाहेर ठेवले जाणे आणि स्वतःहून बाहेर राहणे यात फरक आहे. आपल्या आजोबांना देवळात येऊ दिले नाही, तेव्हा 'बरे झाले, नाहीतरी आपण देव मानत नाही' असे म्हणून कोणी काळारामाचा सत्याग्रह टाळला नव्हता. प्रश्न हक्काचा होता. इथेही तो हक्काचाच आहे.

आता दौऱ्यानंतर काय झाले ते ऐका. वर्गातली बहुतेक मुले गेली. न गेलेल्यांची नावे वाचली, तर ती यादी शिष्यवृत्तीच्या यादीशी जवळजवळ जुळत होती. न गेलेल्यांना 'पर्यायी प्रकल्प' मिळाला. इंटरनेटवर बघून एका कंपनीवर चाळीस पानी अहवाल लिहायचा. आमच्या मुलाने तो अभ्यासिकेच्या टेबलावर बसून रात्री लिहिला. त्याला गुण कमी पडले, कारण 'प्रत्यक्ष अनुभव' या रकान्यात देण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. हे तरी कागदावर दिसणारे नुकसान झाले.

कागदावर न दिसणारे नुकसान पुढे आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे गट दुबईतच ठरले होते. व्हॉट्सअॅपवर दौऱ्याचा म्हणून निघालेला ग्रुप पुढे वर्गाचा खरा ग्रुप झाला. नोट्स तिथे, परीक्षेच्या सूचना तिथे, कुठल्या कंपनीत जागा निघाली तेही तिथेच. बोटीवरच्या जेवणाला संस्थेचा एक माजी विद्यार्थी आला होता. तो तिथल्या एका कंपनीत वरच्या पदावर आहे. त्याने दोघातिघांचे बायोडाटा मागवून घेतले. त्यांच्या मुलाखती फोनवर झाल्या. आमच्या मुलाला हे सगळे झाल्यावर समजले, तेही खोलीतल्या दुसऱ्या पोराकडून.

म्हणून आम्ही म्हणतो, या दौऱ्यातले आठ तास हा अभ्यास नव्हेच. अभ्यास रात्रीचा होता. कोणाच्या शेजारी बसायचे, कोणत्या ग्लासात काय मागायचे, साहेबाच्या विनोदाला किती हसायचे, ओळख कशी काढायची आणि ती नंतर कशी वापरायची, हा खरा अभ्यासक्रम होता. संस्थेने 'नेटवर्किंग' लिहिले ते खोटे लिहिले नाही. खोटेपणा 'ऐच्छिक' या शब्दात आहे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला पिअर बोर्दिए शिकवला होता. भांडवल पैशाचे असते तसे ओळखीचेही असते आणि वागण्याबोलण्याच्या वळणाचेही असते, आणि ही भांडवले एकमेकांत बदलता येतात, असे तो मांडतो. आम्ही तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले. पण हे शिकायला फ्रान्सला जायची गरज नाही. ज्या पेठेत हा मुलगा राहतो, त्या पेठेचा इतिहासच ते सांगतो.

शे-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या या पेठांत कोकणातून, देशावरून गरीब ब्राह्मण विद्यार्थी शिकायला येत. खिशात दमडी नसे. पण सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे वार लावून जेवता येई, नाहीतर माधुकरी मागता येई. त्या गरिबीचे आणि त्या मुलांच्या जिद्दीचे गोडवे मराठी आत्मचरित्रांत भरपूर आहेत. आम्ही त्यांच्या गरिबीची चेष्टा करत नाही. भूक ही भूकच असते. पण एवढेच विचारतो, त्याच वर्षी एखादे महाराचे किंवा मांगाचे पोर शिकायची आस घेऊन पुण्यात आले असते, तर त्याचा वार कोणाकडे लागला असता? त्या मुलांच्या खिशात पैसा नव्हता, पण जात नावाची हुंडी होती आणि ती सात घरांत वटत होती. शिवाय ज्याच्या घरी जेवायचे तो कधी वकील असे, कधी मामलेदार, कधी शाळेचा मास्तर. पुढे शिफारसपत्र तिथूनच निघे. ते त्या काळचे नेटवर्किंगच होते. पंगतीत बसणारा पुढे कचेरीत बसला. पंगतीच्या बाहेर असलेला कचेरीच्याही बाहेर राहिला.

आणि पंगतीचे नियम किती कडक होते? १८९० साली याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा ठेवला. त्या एका कप चहावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असे सांगणारी ती पेठ. आज त्याच पेठांतली मुले समुद्र ओलांडून क्लबात जातात आणि त्याचे गुण मिळतात. आम्हाला या बदलाचे दुःख नाही, आनंदच आहे. फक्त एक गोष्ट बदललेली नाही. पंगतीत कोण बसणार हे अजून बाहेरच ठरते. तेव्हा सोवळे विचारत, आता १,३८,००० रुपये विचारतात.

इथे कोणी म्हणेल, "पैसा जात बघत नाही. गरीब मराठ्याचा, गरीब ब्राह्मणाचा मुलगाही जाऊ शकला नसेल." खरे आहे, आणि त्या मुलांसाठीही आम्ही भांडतो. पण पैसा जात बघत नाही हे अर्धेच सत्य आहे. पैसा कोणाच्या घरात कसा साठला, हे जातीनेच ठरवले. जमीन कोणाची होती, वतन कोणाचे, दुकान कोणाचे आणि मेलेले ढोर ओढायचे काम कोणाचे? आमच्या मुलाच्या घरात दुबई आधीच येऊन गेली होती. त्याचा मामा चार वर्षे तिथे परातीवर उभा राहून काम करत होता. दहावी नापास, म्हणून पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीचा शिक्का. राहायला सोनापूर नावाची कामगार वस्ती, एका खोलीत आठ जण. जे मनोरे बघायला भाचा जाऊ शकला नाही, त्यांच्या शेजारचे मनोरे मामाने बांधले. दौऱ्याच्या कागदावर सोनापूर कुठे आहे? दुबईचा व्यवसाय समजून घ्यायचा असेल, तर मजूर किती पगारावर राबतो हे आधी बघावे लागेल. ते बघितले असते, तर आम्ही त्याला अभ्यास दौरा म्हटले असते.

आता सरकारी हिशोब बघू, कारण संस्थेचे लोक आम्हाला म्हणाले, "तुमच्या मुलांना तर सगळं सरकार देतं."

काय देते सरकार? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या सुधारित नियमांत अभ्यास दौऱ्याची तरतूद होती. वर्षाला जास्तीत जास्त १,६०० रुपये, तेही प्रवासखर्चापुरते आणि अभ्यासक्रमासाठी दौरा आवश्यक असल्याचा दाखला संस्थाप्रमुखाने दिला तर. त्या दराने दुबईचे पैसे जमवायला आमच्या मुलाला ८६ वर्षे लागली असती. २०२१ पासून असे वेगवेगळे भत्ते एकत्र करून शैक्षणिक भत्ता केला. वरच्या गटात, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो वर्षाला १३,५०० रुपये मिळतो. ज्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्याच्यासाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. एमबीएच्या दोन वर्षांचे झाले १,२०,०००. म्हणजे आपल्या पोराचे दोन वर्षांचे जेवण, छप्पर आणि साबण-तेल यांची सरकारने ठरवलेली किंमत ही सहा रात्रींच्या दुबईपेक्षा १८,००० रुपयांनी कमी आहे. आणि हे पैसेही वेळेवर येत नाहीत. भाडे एक तारखेला द्यावे लागते आणि स्वाधारचा हप्ता येईल तेव्हा येतो.

परदेशी शिक्षणाच्या योजना आहेत, हेही सांगितले जाते. आहेत. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी ७५ जागा, केंद्राच्या योजनेत सगळ्या घटकांच्या मिळून १२५. उभ्या देशासाठी १२५! त्यातही २०२२ साली केंद्राने नियम केला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज या विषयांवर परदेशात संशोधन करायला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. आजच्या नियमाने त्या विषयाला पैसे मिळाले नसते. म्हणजे ज्याला परदेशात जाऊन जातीचा अभ्यास करायचा आहे त्याच्यापुढे अट, आणि ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याच्या क्लबातल्या रात्रीला क्रेडिट.

बाबासाहेबांचे नाव निघाले म्हणून पुढची गोष्ट नीट सांगू. ती आपल्यातही अर्धीच सांगितली जाते.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड. त्यातून घरी पैसे पाठवायचे, पोट मारायचे, जुनी पुस्तके घ्यायची. अठरा-अठरा तासांचा अभ्यास आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. सांगायलाच हवा. पण न्यूयॉर्कच्या वसतिगृहात त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे नवल भथेना नावाचा पारशी मित्र. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅममधल्या पगारातली शिल्लक पुरेशी नव्हती. शाहू महाराजांनी मदत केली आणि या भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. त्या काळातले पाच हजार! वसतिगृहातली ओळख सात वर्षांनी अशी उपयोगाला आली.

दुसरी गोष्ट ओळख नसली की काय होते याची. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. मुंबईत येऊन त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. कोलंबियाचा अर्थशास्त्रज्ञ सल्ला देतोय म्हटल्यावर गिऱ्हाइके आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती गेली आणि पेढी बंद पडली. व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेत ही 'केस स्टडी' म्हणून शिकवायला हवी. ज्ञान होते, पदवी होती, सल्ला बरोबर होता. नव्हता तो बाजारातला ओळखीचा माणूस.

म्हणून आमचे म्हणणे असे की प्रवास वाईट नाही, परदेश वाईट नाही आणि मैत्री तर मुळीच वाईट नाही. आपल्या पोरांना दुबईही बघायला मिळाली पाहिजे आणि न्यूयॉर्कही. आपल्या प्रत्येक पोराला एक नवल भथेना भेटला पाहिजे. तो भेटण्याची जागा संस्थेने पैसे भरणाऱ्यांपुरती राखून ठेवली, यावर आमचा आक्षेप आहे. जात म्हणजे बंद करून घेतलेला वर्ग, असे बाबासाहेबांनी त्या १९१६ च्या निबंधात मांडले. आज दार बंद करायला शास्त्राधार लागत नाही. दौऱ्याचे कोटेशन पुरते.

त्या रात्रीच्या कार्यक्रमांबद्दल आणखी एकच. वाळवंटात नाचणारी बाई कोण, कुठली, तिला किती मिळतात, तिचा पासपोर्ट कोणाकडे असतो, हे भावी मॅनेजरांनी विचारले का? ज्या महाराष्ट्रात कोल्हाट्याच्या पोरीच्या पायात चाळ जातीने बांधले, त्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न सुचायला हवा होता. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणींशी बोलले, ते त्यांना आपल्या माणसांत धरून. तिच्याकडे आधी माणूस म्हणून, कामगार म्हणून बघायची सवय ज्याला नाही, तो उद्या कंपनीतल्या बायांशी कसा वागेल?

मग करायचे काय? आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक. दौऱ्याला क्रेडिट असेल, तर तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. मग त्याचा खर्च शुल्क नियामक प्राधिकरणापुढे मांडा, मंजूर शुल्कात धरा आणि शिष्यवृत्तीधारकांचे पैसे सामाजिक न्याय विभागाकडून घ्या, तेही दौऱ्याच्या आधी. तसे करायचे नसेल, तर क्रेडिट काढा. तुमच्या पैशाने खुशाल फिरा. सहलीला सहल म्हणा.

दोन. दौऱ्यात झालेल्या ओळखीतून नोकऱ्या लागत असतील, तर त्या जागा सगळ्या वर्गाला कळवा. संस्थेच्या नावावर मिळालेली संधी संस्थेतल्या प्रत्येकाची आहे.

तीन. दौऱ्याला कोण गेले, कोण राहिले याची प्रवर्गनिहाय यादी महाविद्यालयाच्या समान संधी केंद्राने लावावी. टूर कंपनीने प्राध्यापकांना किती फुकट तिकिटे दिली, तेही त्याच कागदावर लिहावे.

चार. पर्यायी प्रकल्प द्यायचाच असेल, तर सगळ्या वर्गाला मिळून तोलामोलाचा द्या. पुण्यात काय कमी आहे? १९९३ ला उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून निघून २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघर कचरा उचलणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था. तिथल्या बहुतेक सभासद आपल्या आयाबहिणी आहेत. शहराच्या कचऱ्यातून किती मूल्य निघते आणि वाटणी कशी होते, हे त्यांच्याकडून शिका. २००५ साली याच पुण्यात स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या चेंबरकडे, डिक्कीकडे जा आणि पहिल्या कर्जासाठी बँकेचे किती उंबरे झिजवले ते विचारा. गंज पेठेत फुले वाड्यात जा. जोतीराव ही बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतली असामी होती, हे किती एमबीएवाल्यांना माहीत आहे? सदाशिव पेठेतून चालत जाता येते, व्हिसा लागत नाही.

आणि एक मागणी आपल्या लोकांकडे. आपल्यातले जे आज कंपन्यांत, बँकांत, परदेशात स्थिरावले आहेत, त्यांनी या पोरांचा वार लावावा. महिन्यातून एक संध्याकाळ एका पोराला शेजारी बसवा. बायोडाटा बघा, ओळख करून द्या, मुलाखतीत काय बोलायचे ते सांगा. १४ एप्रिलला डीजेवर जातो त्यातला चौथा हिस्सा जरी अशा कामाला लागला, तरी पुष्कळ होईल.

यंदाच्या वर्गाला तो रंगीत कागद वाटून झाला आहे. या वेळी मुक्काम एका रात्रीने वाढला आहे, कंपनी भेटी चारच आहेत. आमच्या मुलाने आपल्या खोलीतल्या ज्युनिअरला तो कागद घेऊन आमच्याकडे पाठवले. आम्ही त्याला म्हैस विकू नको म्हणालो नाही आणि विक असेही म्हणालो नाही. संस्थाप्रमुखांच्या नावाने अर्ज लिहून दिला : 'सदर दौरा अभ्यासक्रमासाठी आवश्यक आहे किंवा नाही, याचा लेखी दाखला द्यावा.' 'आवश्यक आहे' लिहिले, तर आपण पैसे मागू. 'आवश्यक नाही' लिहिले, तर क्रेडिट काढायला लावू. अर्जाची पोच घेतली आहे. ज्यांच्या महाविद्यालयात असा कागद फिरतो आहे त्यांनी असाच अर्ज करावा, आणि एकट्याने न जाता पाच-दहा जणांनी मिळून जावे.

जय भीम!